छप्पर वादळात उडू नये म्हणून या चुका टाळा

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले आणि रायगड व उत्तर रत्नागिरीतील हजारो घरांची छपरे गेली. ऐन पावसाच्या तोंडावर पत्र्यांसाठी आणि कौलांसाठी लोकांना किती वणवण करावी लागली, हे ज्यांनी पाहिले त्यांना या विषयाची निकड सांगायला नको. वाईट याचे वाटते की, त्या घाईत नव्याने घातलेल्या अनेक छपरांत जुन्याच चुका पुन्हा झाल्या.

त्यांतली सर्वांत मोठी चूक समजुतीतली आहे. वारा छपराला दाबतो किंवा ढकलतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कमी उताराच्या छपरावरून वेगाने जाणारा वारा त्याला वर ओढतो, आणि कडा, कोपरे व आढे येथे ही ओढ सर्वांत जास्त असते. ताशी 120 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 68 किलो भरतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. तीन फूट रुंद, दहा फूट लांब आणि अर्धा मिलिमीटर जाड लोखंडी पत्र्याचे वजन जेमतेम बारा-तेरा किलो. अशा वाऱ्यात त्याला उचलणारा जोर दीडशे-दोनशे किलोंपर्यंत जाऊ शकतो. त्यावर दोन चिरे, वाळूची चार पोती किंवा जुने टायर ठेवून काय साधणार? उलट तेच चिरे घरंगळून खाली कोणाच्या तरी डोक्यात पडतात.

छप्पर वजनाने टिकत नाही, ते सांध्यांनी टिकते, हे मला निसर्गनंतर एका वाडीत नीट कळले. पोफळींच्या मुळाशी पडलेला पत्रा उचलून पाहिला, तर त्याच्या कडेची भोके फाटून बोटभर लांब झाली होती, आणि घरावर रिपेतले स्क्रू मात्र वॉशरसकट जागच्या जागी उभे होते. शेजारच्या घराची गत नेमकी उलटी होती. तेथे पत्रे आणि लोखंडी सांगाडा यांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवले होते. पण सांगाडाच भिंतीवर नुसता टेकवलेला असल्याने सगळे छप्पर एकसंध उचलले जाऊन अंगणात पालथे पडले होते.

म्हणून एकच सांधा मजबूत करून थांबू नये. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई भिंतीला आणि भिंत पायाला अशी धरपकड अखंड असावी लागते. रिपा वाशांवर साध्या खिळ्यांनी ठोकल्या असतील, तर ते खिळे वरच्या ओढीने सरळ उपसून येतात. तेथे स्क्रू किंवा बोल्ट वापरावेत आणि प्रत्येक वाशावरून जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी घेऊन ती दोन्ही बाजूंनी तुळईला बोल्टने आवळावी. छपराच्या मध्यभागी जेवढ्या अंतरावर स्क्रू असतील, त्याच्या निम्म्या अंतरावर ते कडेला व कोपऱ्यांत असावेत, आणि प्रत्येकाखाली रुंद वॉशर असावा. जांभ्याच्या भिंतीत मात्र एक फसगत हमखास होते: तुळई धरणारा गज फक्त वरच्या थरातल्या चिऱ्यात रोवला जातो आणि वाऱ्याबरोबर तो चिराच उचलला जातो. गज निदान तीन-चार थर खाली न्यावा, किंवा भिंतीच्या माथ्यावर सर्व बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा घालून त्यात तो अडकवावा. हा खर्च टाळण्याजोगा नाही.

मंगलोरी कौलांच्या घरात कौले सिमेंटने चिकटवून टाकण्याकडे कल असतो. तसे केल्यास एक कौल फुटले तरी बदलता येत नाही. अनेक कौलांना मागच्या बाजूस तार ओवण्यासाठी भोक असलेला कान असतो. निदान पागोळीकडच्या, कडेच्या आणि आढ्यालगतच्या ओळी तरी न गंजणाऱ्या तारेने रिपांना बांधाव्यात.

पडवीचे छप्पर मुख्य छपराशी सलग ठेवणे ही आणखी एक महागात पडणारी सवय आहे. उघड्या पडवीत शिरलेला वारा खालून रेटतो, वरून ओढ असतेच, आणि पडवी जाताना घराचे छप्परही सोबत घेऊन जाते. पडवीचे वासे वेगळे टाकावेत. पावसासाठी वळचण लांब लागते हे खरे, पण ती फार बाहेर काढू नये. दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर वादळात अधिक तग धरते. नवे घर बांधणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

वादळात हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या उघड्या ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो चुकीचा आहे, कारण आत कोंडलेला वारा छपराला खालून उचलतो. दारे-खिडक्या बंद ठेवून त्यांच्या कड्या, बिजागऱ्या आणि अडसर आधीच तपासावेत.

शहरात गच्चीवर गळतीसाठी घातलेल्या शेडचा दोष वेगळाच असतो. खांबाखालच्या प्लेटचे बोल्ट वरच्या कोब्यातच अडकलेले असतात, स्लॅबपर्यंत पोहोचलेलेच नसतात. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरला आहे; त्या हिशेबाने कोब्यातला बोल्ट काहीच नव्हे. कोबा फोडून बोल्ट स्लॅबमध्ये घ्यावेत आणि नंतर तेथील जलरोधन पुन्हा करून घ्यावे.

खाऱ्या हवेत स्क्रू वरून चांगला दिसतो आणि आत गंजून काडीसारखा झालेला असतो. तौक्ते चक्रीवादळ 2021 मध्ये मेच्या मध्यास आले, फयान चक्रीवादळ 2009 मध्ये नोव्हेंबरात. त्यामुळे शाकारणी वैशाख संपेपर्यंत लांबवू नये, एप्रिलमध्येच माळ्यावर बॅटरी घेऊन चढावे आणि प्रत्येक सांधा हाताने हलवून पाहावा. वादळ सुरू झाल्यावर मात्र शिडी लावू नये. मध्येच वारा एकदम पडला, तर ते वादळाचे केंद्र डोक्यावर आल्याचे लक्षण असू शकते, आणि थोड्याच वेळात तोच जोर उलट दिशेने येतो.