संकटात स्तोत्र १३ घेऊन प्रार्थना कशी करावी

संकटात ‘देवावर भरवसा ठेव’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो ठेवायचा कसा, हे सहसा कोणी सांगत नाही. सुरुवात बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या १३ व्या स्तोत्राने करा. वचनं सहाच आहेत, त्यामुळे थकलेल्या माणसालाही झेपतं. मोठ्याने आणि सावकाश वाचा.

पहिली दोन वचनं निव्वळ तक्रार आहेत. ‘किती वेळ’ हा प्रश्न चार वेळा येतो. इथे थांबा आणि आपली तक्रार आपल्या शब्दांत देवापुढे मांडा. बहुतेकांचं इथेच चुकतं: तक्रार गिळून ते थेट आभार मानायला लागतात, आणि मग प्रार्थना तोंडदेखली होते. देवाला जाब विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याच्याकडून काहीच आशा नाही, त्याच्याशी कोण भांडत बसतं?

वचनं ३ आणि ४ मागणीची. एकच मागा, पण नेमकं मागा. ‘सगळं नीट कर’ ही फार ढोबळ मागणी झाली. ‘तपासणीचा निकाल येईपर्यंत रात्री झोप दे’ ही खरी मागणी.

पाचव्या वचनात दावीद राजा, ज्याच्या नावावर हे स्तोत्र आहे, देवाच्या दयेवर भरवसा ठेवल्याचं म्हणतो. चौथ्या आणि पाचव्या वचनांमध्ये त्याची परिस्थिती बदलल्याचा उल्लेख कुठेच नाही. म्हणून मन हलकं व्हायची वाट पाहू नका. पूर्वी कशाकशातून सुटका झाली, त्यातले दोन-तीन प्रसंग लिहून काढा. आठवत नसतील तर स्तोत्र १०७ वाचा. त्यात वाट चुकलेले, कैदी, आजारी आणि वादळात सापडलेले खलाशी, असे चार गट आहेत. कैदी आणि आजारी यांनी तर संकट स्वतःच्या अपराधाने ओढवून घेतलं होतं, तरी हाक मारताच त्यांची सुटका झाली. ‘चूक माझीच, आता कोणत्या तोंडाने मागू’ असं वाटत असेल, तर १० ते २२ ही वचनं मुद्दाम वाचा.

पाचवं वचन तोंडातून निघतच नसेल, तर त्या दिवशी स्तोत्र ८८ वाचून थांबा. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे.

देवाला मुदत घालू नका. येशूचा प्रेषित पौल याने ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, जावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मात्र मिळालं.

दुसरी चूक हातावर हात ठेवून बसण्याची. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात (४:९) यरुशलेमची भिंत बांधणाऱ्या लोकांनी शत्रूंचा धोका दिसताच प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. तेव्हा प्रार्थनेनंतर एक काम लगेच करा: डॉक्टरांना फोन, सावकाराला उत्तर, जे अडलं असेल ते. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र एकट्याने प्रार्थना करत बसू नका. आधी कोणाला तरी जवळ बोलवा आणि वैद्यकीय मदत घ्या. स्तोत्र त्यांनी वाचलं आणि तुम्ही नुसतं ऐकलं, तरी चालेल.