जोडप्यांच्या समुपदेशनात आर्ट थेरपी: नव्याने सुरुवात करताना

आर्ट थेरपी म्हणजे चित्रं काढायला देऊन त्यांच्या आधारे केलेला उपचार. या कामात येणारे नवे समुपदेशक सगळ्यात आधी विचारतात, चित्राचा अर्थ कसा लावायचा? मी सांगते, लावूच नका. काळा रंग म्हणजे नैराश्य, दार नसलेलं घर म्हणजे एकटेपणा, असली कोष्टकं डोक्यातून काढून टाका. जोडप्याच्या बाबतीत चित्र कसं झालं यापेक्षा ते दोघांनी कसं काढलं, हे पाहायचं असतं.

अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये हाना क्वियाटकोव्स्का यांनी कुटुंबांसोबत चित्रांच्या आधारे उपचाराचं काम उभं केलं. हॅरिएट वेडसन यांनी १९७२ मध्ये खास जोडप्यांसाठीच्या तंत्रांवर लेख लिहिला. त्यातलं 'न बोलता दोघांनी मिळून एक चित्र' हे तंत्र मी आजही सर्वात जास्त वापरते.

त्यासाठी मोठा कागद आणि ऑइल पेस्टल पुरतात. प्रत्येकाने एकच रंग निवडायचा आणि शेवटपर्यंत तोच ठेवायचा, म्हणजे कुठली रेघ कुणाची हे नंतर दिसतं. साधारण दहा मिनिटं, बोलायचं नाही, खुणाही नाहीत. तुम्ही फक्त बघायचं. सुरुवात कोण करतं? मधली जागा कोण घेतं? दुसऱ्याच्या रेघेवरून कोण गिरवतं, कोण हात मागे घेतं, आधी कोण थांबतं?

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवऱ्याने तपकिरी खडूने कागदाच्या मधोमध घर काढलं. बायको हिरव्या खडूने खालच्या कडेला गवत काढत राहिली. तिचा खडू घराच्या भिंतीजवळ पोचला की ती तो उचलायची आणि पुन्हा कोपऱ्यातून सुरू करायची. शेवटी त्याने दारापासून गवतापर्यंत एक वाट काढली. मी एवढंच म्हटलं, "या भिंतीजवळ काय झालं, सांगाल?" ती म्हणाली, "घर पूर्णच वाटत होतं, मी काय काढणार?" तो चकित झाला. त्याला वाटत होतं, तिला कंटाळा आलाय. वाट काढली ती तिने पुढे यावं म्हणून. घरातल्या निर्णयांवरून दोघं कित्येक महिने भांडत होते, पण त्या भांडणात हे वाक्य एकदाही आलं नव्हतं. मग त्याच कागदावर, या वेळी बोलत बोलत, पुन्हा काम केलं. तिने भिंतीत खिडकी काढण्याआधी विचारलं, आणि "विचारायची काय गरज?" यावरच उरलेलं सेशन गेलं. त्या प्रश्नाचा निकाल मी लावला नाही. तो लावणं आपलं काम नसतं.

साहित्य विचार करून निवडा. पेन्सिल, खडू हातात राहतात. जलरंग पसरतात आणि भावनाही मोकळ्या सोडतात. आधीच तापलेल्या जोडप्यापुढे पहिल्याच सेशनला जलरंग ठेवू नयेत असं माझं मत आहे. दोघांपैकी एकाची चित्रकला चांगली असेल तर दुसरा लगेच आक्रसतो. अशा वेळी कागद फाडून चिकटवायला द्या. तिथे सराईत हाताचा फायदा फारसा उरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नात्यात मारहाण, धमक्या किंवा भीती असेल तर एकत्र चित्र काढायला बसवू नका. चित्रातून बोलण्याआधीच काहीतरी बाहेर पडतं आणि त्याची किंमत घरी गेल्यावर एकालाच मोजावी लागू शकते. म्हणून सुरुवातीला दोघांना वेगवेगळं भेटा आणि सुरक्षिततेबद्दल थेट विचारा.

चित्र कुणाचं, हेही आधीच ठरवा. जोडचित्राचे मालक दोघं असतात. फोटो काढायचा, सुपरव्हिजनमध्ये (म्हणजे अनुभवी थेरपिस्टसोबत आपल्या कामाची चर्चा करताना) दाखवायचं, तर दोघांची लेखी परवानगी हवी. मी जोडचित्र शक्यतो घरी पाठवत नाही. पुढच्या भांडणात ते पुरावा म्हणून पुढे येतं.

शिक्षणाचं म्हणाल तर चित्रकला शिकवता येते एवढ्यावर थेरपी करता येत नाही, आणि समुपदेशनाची पदवी आहे म्हणून आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. आधी जोडप्यांच्या समुपदेशनात हात बसू द्या. समोर आवाज चढले की सेशन थांबवता आलं पाहिजे. मग आर्ट थेरपीचं रीतसर प्रशिक्षण घ्या, सुपरव्हिजन सोडू नका. प्रत्येक तंत्र सहकाऱ्यासोबत स्वतः करून पाहा. आपल्या रेघेवरून दुसऱ्याने रंग फिरवला की पोटात काय होतं, ते पुस्तकातून कळत नाही.

आणि एका सेशनमध्ये एकच तंत्र. चित्राला दहा मिनिटं लागली तरी त्यावर बोलायला सेशनचा अर्ध्याहून जास्त वेळ लागतो.