संवाद कापला की मागची नदी तुटायची, त्यावर काय केलं

कृष्णाकाठच्या घाटावर बसून आजी आठवणी सांगते, अशी छोटी श्राव्यकथा. आवाज सांगलीत घाटावरच घेतला. एडिटिंगला अडचण आली: ‘म्हणजे’, ‘तर’ कापलं की मागचं पाणी आणि आयर्विन पुलावरच्या गाड्यांचा आवाज मधेच तुटायचा. हेडफोनवर प्रत्येक काप कळायचा.

नॉइज रिडक्शन (मागचा आवाज कमी करणारं सॉफ्टवेअर) वाढवल्यावर आजींचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. तो मार्ग सोडला.

खरा उपाय जागेवरच करायचा असतो. बोलणं संपलं की माइक आणि गेन (माइकचा आवाज किती घ्यायचा ती पातळी) न हलवता सगळ्यांनी गप्प राहून दोन मिनिटं नुसता घाट रेकॉर्ड करायचा. त्यातला हॉर्न नसलेला, निदान ४० सेकंदांचा तुकडा वेगळ्या ट्रॅकवर पुन्हा पुन्हा जोडून कथाभर पसरला. सांध्यांवर २ सेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत असतानाच दुसरा हळूहळू वर येतो. तुकडा याहून छोटा नको, नाहीतर त्यातला एकच कावळा ठरावीक वेळाने ओरडतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच समजतं.

बोलण्यातला काप ‘प’, ‘ट’, ‘क’ अशा व्यंजनाच्या लगेच आधी घ्यावा, तिथे तो लपतो. त्यावर १५-२० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड पुरतो. वाऱ्याच्या घुमण्यासाठी ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे खोल आवाज कमी करणारा) लावला, पण माइकवर फरची टोपी नसेल तर फिल्टर फारसं काही वाचवत नाही.

आजींचे लांब श्वास मात्र तसेच ठेवले. आठवण सांगताना त्या तिथेच अडतात, आणि ते ऐकू यायलाच हवं.