जांभ्याचे जुने घर, गोठा आणि मांगर कसे राखावेत

कोकणातील वडिलोपार्जित वाडीवर घराबरोबरच गोठा, मांगर (अवजारे, पेंढा ठेवायची खोपी) आणि विहीर अशी जुनी बांधकामे असतात, आणि ती टिकवायची असल्यास खर्चाची सुरुवात छपरापासून करावी. त्याआधी सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीचा उतारा) यांवर ज्यांची नावे आहेत, त्या सर्व भाऊबंदांची लेखी संमती घ्यावी. वाळवीपेक्षा हे काम अवघड जाते, असा बहुतेकांचा अनुभव आहे.

कौले मे महिन्यात, एका वेळी छपराचे एकच पाखे (उतरती बाजू) उघडून चाळावीत. प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द आवाज आला तर तडा गेलेला समजावा. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर तेथे अनेक कारखाने निघाले आणि त्यांचा छाप कौलांवर उमटलेला असतो. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत, म्हणून छाप पाहून कौले वेगळी करावीत, जुनी दर्शनी पाख्यावर एकत्र लावावीत आणि नवी मागच्या बाजूस घालावीत. छप्पर उघडे असतानाच वाशांची भिंतीत शिरलेली टोके टोचणीने तपासावीत. टोक कुजले असेल तर तेवढेच कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा करता येतो. त्यासाठी अख्खा वासा बदलू नये.

जांभा पाणी शोषतो आणि ऊन पडल्यावर ते हवेत सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला, तर आतला ओलावा कोंडतो, चिरा (जांभ्याचा घडीव दगड) भुसभुशीत होतो आणि काही वर्षांत गिलाव्याची ढलपी त्याचा पापुद्रा घेऊनच गळून पडते. खळ्यात (अंगणात) जोत्याला भिडवून सिमेंटचा कोबा केल्यासही जमिनीतील ओल भिंतीत चढते, म्हणून जोत्यालगतची पट्टी मातीचीच ठेवून पागोळ्यांचे पाणी उताराने दूर न्यावे.

गिलाव्यासाठी कळीचा (न विरवलेला) चुना पाण्यात हळूहळू टाकून विरवावा. चुन्यावर पाणी ओतल्यास तो उसळून डोळ्यांत जाण्याचा धोका असतो, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे वापरावेत. विरलेला चुना निदान तीन महिने पाण्याखाली मुरू द्यावा. नंतर एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली गोड्या पाण्यातील वाळू घेऊन पातळ थर द्यावेत, कारण खाडीच्या वाळूतील मीठ पुढे भिंतीवर फुलते. हे काम दिवाळीनंतर, ऊन सौम्य असताना करावे आणि ताजा गिलावा आठवडाभर ओलसर ठेवावा.

गुरे गेली की गोठ्याकडे आणि मांगराकडे लक्ष राहत नाही. तेथे आंब्याच्या पेट्या, कोकमाची साले, शेतीची अवजारे असे काही ना काही ठेवावे, म्हणजे गळती लागल्याचे पहिल्याच पावसात कळते.