पिस्त्याची बाग आखताना नर झाडांचा विचार आधी करावा

पिस्त्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि परागण वाऱ्याने होते. म्हणून कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात नवी बाग आखताना नर झाडांच्या जागा वाऱ्याची दिशा पाहून आराखड्यातच ठरवाव्यात. साधारण २४ माद्यांमागे एक नर पुरतो, मात्र दोघांचा फुलोरा एकाच सुमारास यायला हवा : ‘कर्मन’ या मादी वाणासोबत ‘पीटर्स’ हा नर, तर लवकर फुलणाऱ्या ‘गोल्डन हिल्स’ या मादी वाणासोबत ‘रँडी’ हा नर. शेतात पूर्वी कापूस घेतला असेल, तर व्हर्टिसिलियम मर रोगाची बुरशी मातीत अनेक वर्षे टिकून राहिलेली असू शकते. अशा जमिनीसाठी हा रोग बऱ्यापैकी सोसणाऱ्या ‘यूसीबी-१’ या खुंटावर (ज्या मूळझाडावर कलम बांधतात त्यावर) वाढवलेलीच रोपे घ्यावीत, तेथे काटकसर परवडत नाही. पाणी साचणारा सखल भाग सरळ वगळावा.