गणपतीला गावी न्यायचे खजूर रोल: आधीची तयारी

गेल्या वर्षी गुहागरला नेलेले खजूर-सुकामेव्याचे रोल तिसऱ्या दिवशी टाकून द्यावे लागले. डब्याच्या झाकणाला आतून पाण्याचे थेंब, रोलवर पांढरी बुरशी. आईला कडक लाडू चावत नाहीत, म्हणून मुद्दाम मऊ केले होते. चूक एकच झाली होती, मी काही म्हणजे काही पूर्ण थंड होऊ दिलं नव्हतं. यंदा तुम्ही करणार असाल तर आधी वेळ बघा. रात्री नऊला सुरू करून पहाटेची गाडी पकडायची असेल तर करूच नका. आदल्या दिवशी सकाळी लागा.

खजूर काळा, मऊ घ्या, किमिया चालतो. पाव किलो पुरे. खारीक नको, ती वाटली तरी लगदा होत नाही. पाकिटावर ‘बिनबियांचा’ लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर उघडून बघा, एका बीनेही मिक्सरचं पातं जातं. अंजीर घालणार असाल तर तेही फाडून आत पाहा, किडे असतात. बदाम १०० ग्रॅम, काजू ७५, पिस्ते ५०. अक्रोड मशीद बंदरहून घ्या नाहीतर कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, पण एक चाखून बघा. खवट असेल तर सगळा घाणा खवट होतो. तूप, खसखस, वेलची घरात असतेच. साखर, गूळ नको. आणि खजूर मऊ करायला पाण्यात भिजवू नका! पाणी लागलं की टिकणं संपलं.

सुकामेवा मंद आचेवर सहा-सात मिनिटं भाजा. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत तो सादळलेलाच असतो, त्यामुळे भाजणं टाळू नका. मग परातीत पसरा, पंख्याखाली ठेवा आणि थंड होऊ द्या. बदाम वरून गार लागतो, आत गरम असतो. एक मोडून ओठाला लावून बघा. कोमट लागला तर थांबा. गरम बदाम मिक्सरमध्ये फिरवले की तेल सुटतं आणि भरडीऐवजी चिकट गोळा होतो. थंड होऊ द्या म्हणजे रात्रभर उघडे ठेवा असं मात्र नाही, ते परत सादळतील. साधारण तासभर पुरतो. मिक्सर थांबत थांबत फिरवा, पीठ करू नका. घरात लहान मूल असेल तर मात्र बारीकच करा, अख्खा तुकडा घशात अडकतो.

खजूर चमचाभर तुपावर तीन-चार मिनिटं परतून मऊ करायचा, भरड घालून मळायचं. आता हे मिश्रण गरम आहे. हाताला सोसेल इतपत कोमट असताना वळा, खसखशीत घोळवा, बटर पेपरमध्ये गुंडाळा, पण डब्यात घालू नका. पुन्हा सांगते, डब्यात घालू नका. पेपरमध्येच ताटावर गार होऊ द्या, मग दोन तास फ्रिजमध्ये. माझा घात इथेच झाला होता: कोमट रोल, घट्ट झाकण, आतली वाफ आतच.

कापायला धारदार सुरी. चकत्या कोरड्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर. डबा कालच धुतला असेल तर झाकणाची खाच पुसून घ्या. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडायचा नाही, दमट हवेत गार चकत्यांवर दव धरतं. बंदच अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. गाडीत पिशवीत सगळ्यात वर, पाण्याच्या बाटलीपासून लांब. गावी पोहोचल्यावर फ्रिजमध्ये.