घाटात न्यूट्रल मारून ॲव्हरेज मिळत नाही

माझी 2016 ची अबार्थ पुंटो. 1.4 टर्बो पेट्रोल, 145 बीएचपी, पाच गिअर. नोकरी कोल्हापुरात, घर रत्नागिरीला, म्हणजे दर शनिवार-रविवार आंबा घाट. पहिल्या वर्षी लिटरला साडेदहा पडायचं. शेजारचे काका म्हणायचे, "गाडी पाळलीस की पंपवाल्याला पोसतोयस?" आता तीच गाडी साडेतेरा-चौदा देते. हळू चालवून नव्हे, बरं का.

आधी उतार. साखरप्याकडे उतरताना न्यूट्रल मारून घरंगळणारे खूप दिसतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली ही सवय. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल फवारणारे इंजेक्टरच बंद करतो. चाकं इंजिनाला फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थेंब-थेंब जातच राहतं, शिवाय ब्रेक तापतात. मी तिसऱ्यात उतरतो. आरपीएम दीड हजाराच्या खाली यायला लागला की दुसरा, कारण फार खाली गेलं की इंजेक्टर परत सुरू होतात.

चढाला तिसरा, 2,200 ते 2,800. या इंजिनाचा 212 न्यूटन-मीटर टॉर्क तिथेच हाताशी असतो. पाय तळाला टेकवून पाच हजारांपर्यंत ताणलंत, तर इंजिन जास्त तापू नये म्हणून ईसीयू जादा पेट्रोल ओततो. मजा येते, नाही कशाला म्हणू, पण टाकीचा तळ दिसतो. उलट चौथ्यात तेराशेवर रडवत नेणंही वाईट. टर्बो इंजिन तिथे टकटक ठोकायला (नॉकिंग) लागतं.

सपाटीवर पाय भीत-भीत नको. पेडल निम्म्याच्या वर दाबा, 2,500 ला गिअर टाका, लवकर पाचव्यात या. दुसऱ्या-तिसऱ्यात रेंगाळलात की पेट्रोल तिथेच जातं. पाली ते हातखंबा मोकळा रस्ता मिळाला तरी मी 80 धरतो. 110 ला हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो.

आता खास किनाऱ्यावरचं दुखणं. परवाच्या पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस अंगणात हँडब्रेक ओढून उभी होती. नंतर ॲव्हरेज थेट अकरावर. मी प्लग बदलले, फिल्टर बदलला, पंपाला शिव्या घातल्या. शेवटी एकदा घरी पोचल्यावर चारही अलॉयजवळ हात नेऊन पाहिला. तीन कोमट, मागचं डावं चाक तव्यासारखं, आणि स्पोकवर तांबूस भुगा. खाऱ्या वाऱ्याने ब्रेकचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) गंजून अडकला होता. दोन आठवडे मी ब्रेक लावूनच गाडी हाकत होतो! आता उभी करताना पहिला गिअर, चाकाखाली चिऱ्याचा तुकडा, हँडब्रेक मोकळा. शंका आली तर अगदी किरकोळ उतारावर न्यूट्रल करून बघा, गाडी आपसूक हलली पाहिजे. (न्यूट्रलचा एवढाच उपयोग.)

टायरची हवा गार टायरवर, दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे.

ॲव्हरेज मोजताना पंप एकच ठेवा, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबा, तीन टाक्यांची सरासरी काढा. आणि मे महिन्यात एसी फुल्ल ठेवून काढलेला आकडा डिसेंबरच्या आकड्याशी लावून मेकॅनिककडे धावू नका.